लॅपटॉप बंद करून मशीन घेऊ का?

जुळे सोलापुरातल्या एका तरुणाने विचारलंय, त्याचा मथितार्थ असा: चार वर्षं लॅपटॉपवर गाणी करतोय. सॉफ्टवेअर आहे, प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे आवाज आणि इफेक्ट) शेकड्याने आहेत. साठ-सत्तर गाणी सुरू करून ठेवलीत, पुरी झालेली तीन. आता पन्नासेक हजार साठवलेत. एखादा सॅम्पलर (आवाज भरून घेऊन वाजवायचं यंत्र) किंवा ग्रूव्हबॉक्स (ठेके आणि लूप बांधायचं यंत्र) घेतला तर गाणी पुरी होतील का, की तोही कपाटात जाऊन बसेल?

दोन्ही होतं. दोन्ही मी पाहिलंय, आणि कपाटात बसलेली दोन मशीनं माझीच आहेत.

आधी माझं थोडं सांगतो. वीसएक वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवला. लग्नं, गणपती, आंबेडकर जयंती, गड्डा जत्रेच्या दिवसांतले कार्यक्रम. नंतर साखर पेठेत दीड खोलीचा स्टुडिओ टाकला. लेझीम पथकांचे ट्रॅक, भक्तिगीतं, निवडणुकीत रिक्षावर फिरणारी गाणी, दुकानांच्या जाहिराती, जे येईल ते करतो. म्हणजे माझं गाणं पुरं होतंच, कारण गिऱ्हाईक दारात उभं असतं. तुमच्या दारात ते नाही. या दुखण्यावर कुठल्याही यंत्रात औषध नाही, हे आधी मान्य करून पुढे जाऊ.

मशीन करतं ते एवढंच: काही निर्णय तुमच्याकडून लवकर उरकून घेतं, काही निर्णय मुळात समोर येऊच देत नाही, आणि एक-दोन गोष्टी सारख्या हाताखाली आणून ठेवतं. तुमचं गाणं ज्या जागी अडतं, नेमका त्याच जागी मशीनचा धक्का बसत असेल तर पैसे वसूल. नसेल तर कपाट.

नव्या मशीनकडे जाण्याआधी पेटीकडे बघा. हातपेटीचा भाता डाव्या हाताला अडकवतो. उरला उजवा. मग जे सांगायचं ते एका हाताने, एका ओळीत. आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन घ्या. त्याचा भाता पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे. पट्ट्या त्याच, सूर तेच, पण ऑर्गनवाला डाव्या हाताने खालून भरणा देतो आणि पेटीवाला गायकाच्या पाठोपाठ धावतो. भाता कुठे बसवला एवढ्यावरून वाजवण्याच्या दोन वेगळ्या रीती झाल्या. शिवाय पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बाहेर ठेवलं, त्यामागे हे एक कारण होतं. पण पेटीवाले गप्प बसले नाहीत. कणस्वर इतके चपळ केले आणि भात्याचा दाब असा सांभाळला, की कानाला मींड ऐकल्याचा भास व्हावा. ती करामत पेटीच्या उणिवेतून आली. सारंगीवाल्याला तिची गरजच पडली नाही.

आता कीबोर्ड. ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला शहनाई किंवा क्लॅरिनेट वाजवताना उजव्या हाताने सूर लावतो आणि डावा हात कायम बेंडरवर, म्हणजे सूर वर-खाली ओढायच्या चाकावर किंवा दांडीवर. यामाहाचं चाक पुढे-मागे फिरतं. रोलंडची दांडी आडवी, डावी-उजवीकडे सरकते आणि सोडली की स्प्रिंगने जागेवर येते. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटेल, पण मींड आणि आंदोलन दोन्हीसाठी मला आडवी दांडी सोपी जाते, कारण तारेवर बोट ओढायची सवय आडवीच आहे. आमच्याकडचे अर्धे कीबोर्डवाले रोलंडशिवाय बसत नाहीत. त्यांना विचारलं तर ‘टोन भारी’ म्हणतात. मला वाटतं निम्मं भारीपण त्या दांडीत आहे.

माझे वडील पूर्व भागात चादरीच्या मागावर होते, त्यामुळे स्टेप सिक्वेन्सर (ठोके एका ओळीतल्या चौकोनांत, म्हणजे स्टेपमध्ये, मांडायची सोय) मला कुणी शिकवावा लागला नाही. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. एकेक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एकेक गाठभेट. त्यावरून जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं टोचतात. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक कार्ड. भोक असेल तिथला हूक वर जातो, धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. १८०४ पासून जगभर हीच युक्ती. लहानपणी मागावर ती माळ फिरताना तासन्‌तास बघितलीय. पुढे ऑर्केस्ट्रातल्या एकाने ड्रम मशीन आणलं आणि त्यावर एका ओळीत सोळा बटणं पाहिली, तेव्हा मी पटकन म्हणालो, ‘हे तर कार्ड आहे बे!’ दिवा लागला म्हणजे भोक, विझला म्हणजे कोरा पुठ्ठा.

पण खरी गंमत पुढे आहे. जकार्डला हूक किती, यावर नक्षी किती रुंद जाणार ते ठरतं. हूक संपले की तीच नक्षी पुन्हा सुरू, किंवा आरशात बघितल्यासारखी उलटी. चादरीवरचे मोर समोरासमोर तोंड करून उभे दिसतात, त्यात कारागिराची हौस आहेच, पण हुकांचा हिशोबही आहे. डिझाइनर त्या हिशोबाच्या विरोधात काम करत नव्हते. कागदावर पहिली रेघ ओढतानाच त्यांना माहीत असायचं की ही कुठे वळणार.

रोलंडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवर तीच सोळा बटणं आहेत, चार-चारच्या गटात लाल, नारिंगी, पिवळी, पांढरी. हे मशीन १९८० ते १९८३ एवढंच निघालं, साधारण बारा हजार नग. आज मात्र सोळाचा हा आकडा सगळ्या जगाच्या नाचगाण्यांत बसलाय. इकडच्या डीजेंनी ज्याच्यावर हात बसवला ते फ्रूटीलूप्स सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं, तेही अशाच सोळा चौकोनांची ओळ घेऊन. म्हणजे तुम्ही ज्याला ‘अमर्याद’ सॉफ्टवेअर समजता, त्यातही चाळीस वर्षांपूर्वीच्या एका पॅनेलची बटणं आहेत. केरवा सोळात छान बसतो, आठ मात्रांचे दुप्पट सोळा. भजनी ठेकाही बसतो. दादऱ्याला शेवटची स्टेप बारावर बांधावी लागते, रूपकाला चौदावर. बहुतेक मशीनांत ते जमतं, पण त्यासाठी मुद्दाम आत शिरावं लागतं, आणि मुद्दाम शिरावं लागतं म्हणून पोरं शिरत नाहीत. इथे गेल्या दहा वर्षांत निघालेल्या मिरवणुकीच्या ट्रॅकमध्ये रूपक शोधून दाखवा.

हलगीची गोष्ट त्याहून अवघड. हलगीची चाल सरळ चौकोनात नाही आणि पूर्ण तिय्यातही (मात्रेचे तीन सारखे भाग) नाही, दोन्हींच्या मधे कुठेतरी झुलते. सोळा चौकोनांत टाकली की ती परेडची होते. यावर सगळ्यात शहाणं उत्तर ड्रम मशीनं बनवणारे रॉजर लिन यांनी काढलं. त्यांच्या स्विंगमध्ये बाकी सगळं जागच्या जागी ठेवून फक्त प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका थोडा उशिरा आणायचा. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ म्हणजे तिय्या, आणि ७५ पर्यंत जाता येतं. त्यांनी अकाईसाठी केलेल्या १९८८ च्या एमपीसी-६० या सॅम्पलरवर ही सोय आहे आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक मशीनने ती उचलली. एकच आकडा, बाकी काही नाही. लॅपटॉपवर तुम्ही एकेक ठोका माउसने इकडेतिकडे सरकवत तास घालवाल. या आकड्यावर मी हलगी दोन मिनिटांत बसवतो. माझ्या कानाला ५७-५८ च्या आसपास ती चालायला लागते. उपळाईकडची चाल वेगळी, मंगळवेढ्याकडची वेगळी असं हलगीवाले सांगतात, तेव्हा हा आकडा पाटीवर लिहून ठेवू नका.

आता मेमरी. लिन यांचंच १९८० चं एलएम-१, खऱ्या ड्रमचे डिजिटल आवाज असलेलं पहिलं ड्रम मशीन, त्यात क्रॅश झांज नव्हती. झांज लांब वाजते, लांब आवाजाला मेमरी लागते, आणि तेव्हा मेमरी सोन्याच्या भावात. ई-म्यूच्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये (१९८७) सगळी मिळून दहा सेकंद, आणि एका तुकड्याला फार तर अडीच. न्यूयॉर्कची पोरं काय करायची? ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर लावायची, पळता आवाज भरून घ्यायची आणि मशीनमध्ये परत खाली ओढायची. अडीच सेकंदांत सव्वातीनहून जास्त सेकंदांचा माल बसला. मुळात बारा बिटचं मशीन, त्यात आवाज ओढल्यावर खरखर आली, आणि ती खरखर लोकांना एवढी आवडली की आज ती पैसे देऊन प्लगइनमध्ये विकत घेतात. काटकसरीतून निघालेल्या पदार्थाची हॉटेलात डिश व्हावी, तसं.

माझ्याकडे रोलंडचा जुना एसपी-४०४ सॅम्पलर आहे, २००५ चं मॉडेल. समोर बारा पॅड (बँक बदलून आणखी मिळतात, पण मी एकाच बँकेत राहतो), एकोणतीस इफेक्ट, आणि एका वेळी लागतो फक्त एक. दुसरा हवा असेल तर पहिल्या इफेक्टसकट आवाज पुन्हा नव्या पॅडवर भरून घ्यायचा. याला रिसॅम्पल म्हणतात. आधी मला हा कंजूषपणा वाटला होता. मग एका ऑगस्टात लेझीम पथकाचं काम आलं.

हलगीवाले मास्तर संध्याकाळी सहाला आले. गॅलरीत घमेल्यात कागद पेटवून हलगी तापवली, बोटाने टणत्कार बघितला, आत येऊन बसले. मी पाच आवाज वेगवेगळे मागितले: टिपरूचा मधला ठोका, काठावरचा, डाव्या हातातल्या बारीक काडीचा नुसता फटका, दोन्ही एकदम, आणि हाताने दाबून मुका. तिसऱ्या आवाजापर्यंत दमट हवेने हलगी उतरली. मास्तर म्हणाले, ‘गार झाली. ह्ये घिऊ नका.’ पुन्हा गॅलरी, पुन्हा कागद. दोन फेऱ्यांत पाच आवाज झाले, पाच पॅड गेले, सात उरले.

मग पहिला इफेक्ट. आयसोलेटरने खालचा गुरगुराट काढला, रिसॅम्पल. कॉम्प्रेसरने फटका आवळला, रिसॅम्पल. काठावरच्या आवाजाला तेवढा डिले (पडसाद) दिला, रिसॅम्पल. पॅड संपत आले तसे आधीचे कच्चे आवाज पुसत गेलो. प्रत्येक पुसण्याआधी मास्तरांकडे बघायचो, ते मान हलवायचे किंवा तोंड वाकडं करायचे. साडेआठला ट्रॅकचा सांगाडा तयार होता. हेच काम लॅपटॉपवर केलं असतं तर प्रत्येक आवाजावर आठ-दहा प्लगइनची माळ लावली असती, सगळ्या माळा ‘नंतर बघू’ म्हणून उघड्या ठेवल्या असत्या आणि मास्तरांना साडेसातलाच घरी पाठवलं असतं. त्यांचं तोंड वाकडं झालेलं मला दिसलंच नसतं. त्या संध्याकाळी माणूस समोर असताना निर्णय झाले, यातच सगळं आलं.

याची किंमतही सांगतो. चार दिवसांनी पथकाचा प्रमुख आला, ‘तेवढा घुमारा काढून टाका, मैदानात सगळं घोळतंय.’ डिले आवाजात भाजून निघाला होता, निघणार कसा? कच्चे आवाज मीच पुसलेले. मास्तरांना पुन्हा बोलावलं, पुन्हा कागद पेटवला, त्यांची बिदागी माझ्या खिशातून. तेव्हापासून कच्चे आवाज आधी मेमरी कार्डावर काढून ठेवतो, पण काम चालू असताना ते कार्ड ड्रॉवरमध्ये. उठून ड्रॉवर उघडायचा कंटाळा माझ्या बाजूने काम करतो.

मशीनचं पॅनेल कसं आहे, हा मेमरीइतकाच मोठा प्रश्न आहे. दोन उलटसुलट उदाहरणं देतो. यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर (१९८३) आतून प्रचंड ताकदीचा: सहा ऑपरेटर (आवाज घडवणारे घटक), ते जोडायच्या ३२ पद्धती. बाहेर मात्र चपटी बटणं, बदल करायला मुख्यतः एकच सरकपट्टी आणि दोन ओळींचा इवलासा पडदा. एका वेळी एकच आकडा दिसणार. म्हणजे मोठा वाडा, आणि बघायचा दाराच्या फटीतून. बहुतेकांनी फटीतून बघायचं सोडून दिलं आणि आत आधीपासून भरलेले ३२ आवाजच वाजवले. त्या काळची गाणी एकसारखी वाजतात, त्यात या पॅनेलचा हात मोठा आहे.

रोलंडच्या टीबी-३०३ चं पॅनेलही विचित्रच. गिटारवाल्याला घरबसल्या बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं यंत्र. त्यात सूर आधी एका खेपेत भरायचे आणि लय दुसऱ्या खेपेत वेगळी भरायची. माणसाच्या डोक्यात चाल सूर-लयीसकट एकत्र येते, त्यामुळे भरताना हमखास घोटाळा व्हायचा आणि भलतीच ओळ वाजायची. यंत्र खपलं नाही, १९८४ मध्ये बंद झालं, स्वस्तात विकलं गेलं. शिकागोच्या पोरांनी ती भलती ओळच उचलली, बटणं पिळली, आणि एक अख्खा नाचाचा प्रकार उभा राहिला. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईचे स्टुडिओ वादक चरणजित सिंग यांनी हेच ३०३, ८०८ आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन राग वाजवून ठेवले होते. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे. दुसऱ्याला ती बेसची लकब वाटेल, आपल्या माणसाला तिच्यात मींड ऐकू आली.

तर एका अडचणीच्या पॅनेलने लोकांना दाराबाहेर ठेवलं आणि दुसऱ्याने भलत्या दारातून आत ढकललं. का? ३०३ वर चूक झाली तरी ती लगेच वाजायची, आणि वाजत असताना बटणं हाताखाली असायची. डीएक्सवर चूक करायलाच पाच मिनिटं लागायची. मशीन बघायला जाल तेव्हा मी एवढंच तपासायला सांगेन: मनात आलेलं कानापर्यंत यायला किती वेळ लागतो?

आणि मर्यादा कुठली, अडथळा कुठला, हे वेगळं ओळखायला शिका. बारा पॅड ही मर्यादा. ती पहिल्या मिनिटाला कळते, डोक्यात बसते, तिच्या हिशोबाने तुम्ही चालता, हुकांच्या हिशोबाने डिझाइनर चालतात तसे. अडथळा ऐनवेळी आडवा येतो. कपाटातल्या दोघांपैकी एकाची गोष्ट. दिसायला देखणं, आवाज सुंदर. पण सेव्ह करायचं बटण वेगळं नव्हतं. शिफ्ट दाबून मेन्यू, त्यात चौथी ओळ, मग पुन्हा होकार. आणि दुसरं काम उघडलं की न जपलेलं आधीचं काम ते न विचारता टाकून द्यायचं. विसर्जनाच्या आदल्या रात्री पावणेबाराला माझी चार पॅटर्न अशीच गेली. सकाळी सातला पोरं मैदानात लेझीम घेऊन उभी. मी तेव्हा ऑक्टापॅड काढला आणि दोन तास प्रत्यक्ष वाजवला. खांदे आठवडाभर बोलत होते. त्या मशीनच्या कौतुकात कुणी तरी ‘क्रिएटिव्ह लिमिटेशन’ म्हणालं, तेव्हा मी चहा आणायला उठलो.

ऑक्टापॅडचं नाव निघालंच आहे तर. आठ पॅड, दोन काठ्या. एका क्षणी दोनच आवाज, पायात पेडल असेल तर तीन. त्यामुळे ऑक्टापॅडवाल्याचं डोकं डाव्या-उजव्या हाताच्या जोडीत चालतं, हलगीवाल्यासारखं. एमपीसीच्या चार गुणिले चार पॅडवर बोटं चालतात, तिथे तबलेवाल्याची पोरं लवकर रुळतात. तुमचा हात कुठला आहे ते मला माहीत नाही. गल्लीत हलगी किंवा ताशा वाजवला असेल तर काठीचं यंत्र घ्या, स्क्रीनचा नाद सोडा.

आता तुमचा लॅपटॉप. त्यातही कोणीतरी आधीच बरंच ठरवून ठेवलंय. उघडला की चार-चारची चौकट समोर, वेग बहुधा १२०. डावीकडून उजवीकडे जाणारी पट्टी, तिच्यावर रंगीत वीटकाम. गाणं ऐकण्याऐवजी तुम्ही बघायला लागता. दोन वीटा एका रेषेत नसल्या की हात शिवशिवतो, कानाला ते बरं लागत असलं तरी. आणि अन्‌डू अमर्याद, म्हणून कुठलाच निर्णय शेवटचा होत नाही. साठ गाणी अर्धी आहेत याचा अर्थ तुम्ही आळशी आहात असा मी काढत नाही. साठ गाण्यांत मिळून काही हजार निर्णय ‘नंतर बघू’ म्हणून टांगलेत, आणि गाणं उघडलं की ते सगळे एकदम अंगावर येतात.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी पंधरा दिवस हे करून बघा. पडलेल्या साठातलं एक गाणं घ्या. चार ट्रॅक ठेवा, जास्त नाही. १९७९ मध्ये टास्कॅमने कॅसेटवर चार ट्रॅकची पोर्टास्टुडिओ काढली, तेव्हा लोक तीन ट्रॅक भरून ते चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. उतरवलं की संपलं, ढोलकीचा आवाज नंतर वाढवणं नाही. तुम्हीही तसंच करा: इफेक्टसकट ऑडिओ करून टाका आणि मूळ ट्रॅक खोडा. भीती वाटत असेल तर एक प्रत पेनड्राइव्हवर काढून आईकडे ठेवायला द्या. त्याच पंधरा दिवसांत फोनवर कोआला सॅम्पलर नावाचं अॅप घालून बघा. थोड्या पैशांत मिळतो, फोनच्या माइकने आवाज भरता येतो, पॅडवर लगेच वाजवता येतो. सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर बसून एक ठेका केलात तर मशीनवर काम करणं म्हणजे काय, याचा नव्वद टक्के अंदाज येईल.

पंधरा दिवसांनी तीन गोष्टींपैकी एक कळेल. खोडताना त्रास झाला पण गाणं पुढे सरकलं, तर तुम्हाला निर्णय उरकून घेणारं यंत्र हवंय. एसपी-४०४ ची आताची एमके-टू आवृत्ती बघा. त्यात आता इफेक्ट एकाहून जास्त लागतात, पण रिसॅम्पलची सवय शाबूत आहे, आणि स्किप-बॅक आहे, म्हणजे रेकॉर्ड दाबायचं विसरलात तरी नुकतंच वाजवलेलं परत मिळतं. खर्च कमी ठेवायचा असेल तर टीनेज इंजिनिअरिंगचं खिशातलं पीओ-३३ आहे: सोळा आवाज, एकूण चाळीस सेकंद. चाळीस सेकंदांत काय होतं म्हणाल, तर दहा सेकंदांत काय झालं ते वर सांगितलंय. त्याच कंपनीचं ओपी-१ मला मनापासून आवडतं, २०११ चं, चार ट्रॅकची सहा मिनिटांची टेप आणि टेपला अन्‌डू नाही. पण तुमच्या पन्नास हजारांत ते नाव काढू नका.

ठेका छान होतो पण गाणं पुढे जात नाही, चार मात्रांचा लूप तासभर फिरत राहतो, असं लक्षात आलं तर मात्र ग्रूव्हबॉक्स घेऊ नका. ती यंत्रं मुळात फिरत राहण्यासाठीच केलेली आहेत, तुमचा रोग वाढेल. एलेक्ट्रॉनचं डिजिटॅक्ट घ्या म्हणून सगळे सांगतील. पहिल्या मॉडेलमध्ये आठ ट्रॅक, चौसष्ट स्टेप, आणि एकेक स्टेप दाबून धरून त्या एकाच ठोक्याचा आवाज बदलायची जी सोय आहे ती अफाट आहे, तिच्यापायी मी स्वतः दोन महिने एका लूपमध्ये राहिलो. लूपची सवय असलेल्याला ते गुळाच्या ढेपेवर बसवल्यासारखं होईल. तुम्हाला मुखडा-अंतरा लिहिणारा जोडीदार हवा, यंत्र नको. सोलापुरात भजनी मंडळांतून उत्तम चाली बांधणारी माणसं आहेत, त्यांच्यापैकी एकाला संध्याकाळी घरी बोलवा, चहा-शेंगापोळीत भागतं.

आणि काहीच फरक पडला नाही तर पैसे बँकेत ठेवा.

घ्यायचं ठरलंच तर काही कोरड्या गोष्टी. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत मशीन पंख्याखाली ठेवलं तरी धूळ बसते, आणि धुळीने आधी फिरणारी बटणं खरखरतात, म्हणून रात्री वर फडकं टाका. मूळ अॅडॉप्टर सांभाळा. बाजारातून व्होल्ट बघून आणलेल्या अॅडॉप्टरच्या पिनचं अधिक-उणे उलटं असलं तर एका ठिणगीत खेळ खलास. दुरुस्तीला पुणे-मुंबईच गाठावी लागते, तेव्हा ज्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात तेच घ्या. मॅन्युअल छापून, पंचिंग करून फाइलला लावा. फोनवर वाचाल तर फोनवरच राहाल.

जुनं घेत असाल तर प्रत्यक्ष जाऊन वाजवून बघा. विकणारा डेमोला मधले पॅड वाजवून दाखवेल. तुम्ही डावीकडचा सगळ्यात खालचा पॅड हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू दाबा. बहुतेकांचा किक (खालचा जड ठोका) तिथेच असतो, आणि मरतोही तोच आधी.